पावड्या

रात्री अकरा पस्तीसला तिचे पाय जागे होतात.
ती नाही. ती दमून गेलेली असते,
उशीत गाल रुतवून, डोळे मिटून,
पण गुडघ्यांखाली कुणीतरी
सोड्याची बाटली उघडलेली असते.

आमच्या सागनेत ह्या दुखण्याला अधीरता म्हणतात,
तेही अनेकवचनात, पाहुण्या आल्यासारखं.
"आज आल्या का गं?"
"आल्यात. आठ-दहा जणी आहेत."
तिच्या आईकडे यायच्या. पाच बहिणींतल्या तिघींकडे.
मावशी तर रविवारची सगळी प्रार्थना
मागच्या खांबापाशी उभ्यानंच ऐकायची.
गाव तिला फार भाविक समजे.

मी तीस वर्षं ॲल्युमिनियमच्या भट्टीवर रात्रपाळी केली.
घरातली रात्र मला माहीत नव्हती.
निवृत्त झालो आणि कळलं,
ओदिल तळघरात असते,
आईच्या मागावर.
चार पावड्या, दोन पाय.
खट्. धोटा. खट्.
बाहेर उणे तीस, फ्योर्डच्या बर्फावर
मासेमारांच्या खोपट्यांतले दिवे,
आणि खाली ही, स्वेटरवर स्वेटर घालून,
पाय तेवढे अनवाणी.

बाण्याला चिंध्या: माझे भट्टीचे शर्ट,
जुने पडदे, ल्युसेतचा पोहायचा टॉवेल,
कुणाच्या तरी मेलेल्या नवऱ्याचा पायजमा.
"नक्षी मी ठरवत नाही," म्हणाली,
"हात नुसते रंग पुरवतात."
बऱ्या रात्रीचे पट्टे रुंद, सैल.
वाईट रात्रीचे बोटाएवढे, एकमेकांच्या अंगावर चढलेले.
पहाटे तीनच्या सुमाराचा लाल कुठेही ओळखू येतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणे.
हिचे पायच अंथरूण विणत होते
आणि त्यावर झोपत होतं भलतंच कुणी:
पुलापलीकडची नवी नवरी, एक नर्स,
उन्हाळ्यात व्हेल बघायला आलेलं जोडपं.

मग शिकुतिमीच्या डॉक्टरनं रक्तातलं लोह मोजलं
आणि एक पांढरी गोळी दिली, तांदळाच्या दाण्याएवढी.
ओदिल झोपली.
चाळीस वर्षांची झोप एकदम आल्यासारखी झोपली.
मी छताकडे बघत पडून राहिलो,
खट् कुठेच नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात गोळी वाढली.
माग पुन्हा सुरू झाला, पण हे वेगळं होतं.
न्याहारीला वर यायची नाही.
महिन्यात अकरा चादरी.
माझा चर्चचा कोट, न विचारता, कातरीखाली.
एक शर्ट तर किमतीच्या चिठ्ठीसकट.
"पाय दुखतात?"
"पाय अगदी गप्प आहेत."
"मग?"
ती मागाकडेच बघत राहिली.
"थांबता येत नाहीये, एवढंच."

डॉक्टरनं कागद उलटून पाहिला, डोस उतरवला.
जाता जाता विचारलं, "ही कला कधीपासून?"
ओदिलला खरंच नवल वाटलं.
"कला कुठली? मी पाय हलवते."

आता अर्धीच गोळी.
दोनच्या पुढे दोघी-तिघी येतात,
ती उठते, तासभर विणते, परत येते,
तिच्या थंड टाचा माझ्या पोटरीला लागतात.

काल तिनं तीन चादरी पलंगावर टाकल्या.
"ही पायांनी विणली," म्हणाली.
"ही गोळीनं."
तिसरी राखाडी, वीतभर बिनविणलेली,
दशा तशाच लोंबत.
"ही करताना बसल्याबसल्या डोळा लागला.
आता सांग, ह्यातली माझी कुठली?"

मला उत्तर सुचेना. थंडी होती.
हाताला आली ती ओढून घेतली.
तिच्यात कुठेतरी माझ्या कामाच्या शर्टाचं
एक बटण राहून गेलंय.
रात्रभर बरगडीला टोचत होतं.